भाईंचं गाऱ्हाणं

भाईंचं डोकं दुसऱ्यांदा उघडायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं, आणि ज्यांचं डोकं ते सगळ्यालाच "व्हय" म्हणत होते.

"भाई, परत ऑपरेशन करूया?"

"व्हय."

"नको करूया? घराकच ऱ्हवया?"

"व्हय."

"भाई, मी म्हस आसंय?"

"व्हय."

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम आईसमोर विचारला. आई हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. भाई हसले नाहीत. त्यांनी डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. उजवा तोवर चालेनासा झाला होता. म्हणजे प्रश्न कळला होता, आणि आपली मुलगी म्हैस नाही हेही ठाऊक होतं. आतून निघालेलं "नाय" तोंडापर्यंत येताना "व्हय" होत होतं, आणि ते त्यांना ऐकू येत होतं. मान हलवून सांगा म्हटलं तर मानही हलायची, तीसुद्धा होकाराचीच.

मी गौरजा, त्यांची थोरली. ओरोसला सरकारी कचेरीत आहे आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहते. माझी जीभ तिखट आहे असं गावात म्हणतात, म्हणोत बापडे. कचेरीत येणारा माणूस काय विचारतोय आणि त्याला खरं काय हवंय, हे वेगळं काढायची मला सवय लागलेली आहे. म्हणून भाईंना मी प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायची, एकदा सरळ आणि एकदा उलटा. दोन्हीला "व्हय" आलं की तो प्रश्न फुकट. गेला महिना सगळे प्रश्न फुकट चालले होते.

माझा धाकटा भाऊ गुरुप्रसाद. आंबा-काजूची बाग तो बघतो. त्याला उलटा प्रश्न मान्य नव्हता.

"माणूस आपल्या तोंडान व्हय म्हणता, अजून तुका काय होया?" तो म्हणायचा.

"नको काय म्हटल्यारव व्हयच म्हणतत रे."

"तू इचारतंस कित्याक तसा?"

त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. तो वाईट नाही. त्याला बाप हवा होता, आणि ऑपरेशन म्हटलं की निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं.

ह्या "व्हय"चं मूळ सांगायचं तर आधी गाऱ्हाणं सांगावं लागेल. आमच्याकडे कुठलंही काम देवाला तोंडी सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, हात जोडून उभं राहायचं, आणि एका माणसाने मोठ्या आवाजात देवाशी बोलायचं. मंडळी का जमली, काय मागतात, काय चुकलंमाकलं. दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. गावच्या रवळनाथासमोर हे बोलायचा मान आमच्या घराण्याचा, आणि भाई तो तरुणपणापासून चालवत होते. आवाज असा की देवळातलं गाऱ्हाणं खालच्या वाडीत ऐकू जायचं. गाऱ्हाण्यातलं बरंचसं ठरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे आलेलं. मध्ये एक जागा मात्र मोकळी असते. "आज जां कारण काढून ही मंडळी उभी आसत," असं म्हणून त्या दिवसाचं कारण तिथे आपल्या शब्दांत सांगायचं.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला भाई त्या मोकळ्या जागेत घसरले. देवळाच्या छपराचं काम काढायचं होतं. भाई खणखणीत म्हणाले, "ह्या देवळाची खुर्ची शाकारूची आसा म्हाराजा!"

आणि अख्खा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

सवयच तशी. तोंडातून निघून गेल्यावर लोक एकमेकांकडे बघू लागले. भाईंच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या वाक्यात ते पुन्हा खुर्चीच म्हणाले.

दुसऱ्या कुठल्याही गावात म्हाताऱ्याला डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या गावाने देवाला काय कमी पडलं ते शोधलं. मानकऱ्यांत वडीलधारे लवूकाका. त्यांनी निदान केलं की गावाच्या सीमेवरच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा चुकला आहे. ज्याच्या तोंडाने गाव देवाशी बोलतो त्याच्या तोंडात चूक आली, तर ती त्याची कशी असेल? ती गावाची. कोंबडा दिला, नारळ दिला, सीमेवर जाऊन आले. ह्यात दिवाळी गेली. मला ओरोसला हे सगळं कळलं तेव्हा भाई चहाच्या कपाला "तां आपला ह्यां" म्हणायला लागले होते. मी घरी येऊन आरडाओरडा केला. गुरुप्रसाद म्हणाला, वय झालं. मग एका सकाळी बागेत, मोहरावर फवारणी चालली असताना, भाईंना फीट आली आणि ते पंपासकट आडवे झाले.

कुडाळला स्कॅन, तिथून गोवा. गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर सुनीती प्रभू आम्हाला भेटल्या. बाई बारीक, केस पांढरे, बोलणं सावकाश. त्यांनी भाईंना खोलीबाहेर काढलं नाही, आणि तेवढ्यावरच त्या मला आवडल्या. गुरुप्रसाद मला खुणा करत होता की भाईंना बाहेर ने. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

डाव्या कानाच्या वर, आत, गाठ होती. घातक. चौथ्या दर्जाची, म्हणजे सगळ्यात वरच्या.

"कशान झाली?" आईने विचारलं. तिच्याकडे कारणं तयार होती. लहानपणी भाई फणसावरून पडले होते, शेजारच्या डोंगरावर मोबाइलचा टॉवर आला होता, आणि दसऱ्याआधी एक पाहुणी घरात येऊन भाईंच्या आवाजाचं फार कौतुक करून गेली होती.

"ह्यातलं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. तुमचं काही चुकलेलं नाही." मग त्यांनी कागदावर रेघोट्या काढल्या. मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांची उस्तवार करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. हा आजार त्या उस्तवार करणाऱ्यांतून उठतो. पेशी फुटून दोन होताना तिच्या आतली सगळी माहिती नव्याने उतरवली जाते. उतरवताना चुका होतात, बहुतेक दुरुस्तही होतात. पण एखाद्या पेशीत चुका साचत जातात, आणि एक दिवस "आता वाढू नको" हे सांगणारा भागच बिघडतो. मग ती वाढते, तिच्या पेशी वाढतात, त्यांच्यात आणखी चुका होतात.

"आणि त्या एका जागी बसत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूतल्या धाग्यांना धरून पुढे सरकतात. स्कॅनमध्ये गोळा दिसतो तेव्हा त्या गोळ्याच्या पलीकडे पोचलेल्या असतात. तिथे एकटीदुकटी पेशी असते, ती दिसत नाही."

भाई इतका वेळ गप्प होते. तेव्हा त्यांना शब्द सापडायचे, फक्त वेळ लागायचा. त्यांनी खूप वेळ लावला आणि म्हणाले, "बांडगूळ."

डॉक्टरना कळलं नाही. मग गुरुप्रसादने सांगितलं. आंब्यावर बांडगूळ चढतं, दिसतं तेवढं ओरबाडून काढलं तरी त्याची मुळं फांदीच्या लाकडात गेलेली असतात आणि पुन्हा फुटतं. म्हणून बागायतदार फांदीच तोडतात, बांडगुळाच्या खाली चांगली हातभर.

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त बांडगूळ बाहेरून येतं. हे झाडाचंच लाकूड आहे. आणि मला हातभर खाली तोडता येत नाही. त्या हातभर फांदीवर तुमचं बोलणं आहे, भाई."

भाईंनी मान डोलावली. घरी येताना बांद्याला चहाला थांबलो तेव्हा ते मला म्हणाले, "बाई बरी आसा. खोटा बोलत नाय."

ऑपरेशन झालं. दिसत होतं तेवढं काढलं. बोलणं शाबूत राहिलं. न दिसणाऱ्या पेशींसाठी गोळ्या आणि किरणं. गोळ्याच का आणि साधी सलाईन का नाही, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कडक पहारा असतो, बहुतेक औषधं आत शिरूच शकत नाहीत. त्यातून ही एक शिरते. मला तेव्हा फार राग आला. ज्या पहाऱ्याने आयुष्यभर भाईंचं डोकं सांभाळलं, तोच आता औषधाला दार उघडत नव्हता.

किरणांच्या वेळी डोकं तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी भाईंच्या चेहऱ्यावर ताणून बसवली. ती थंड झाली की चेहऱ्याच्या आकाराची घट्ट होते. मग रोज त्यांना टेबलावर निजवायचं, जाळी चेहऱ्यावर ठेवायची आणि तिच्या कडा टेबलाला अडकवून टाकायच्या. ओठ हलत नाहीत, पापण्याही नीट मिटत नाहीत. सगळे खोलीबाहेर जातात आणि जाड दार लागतं. काही मिनिटांचंच काम असतं, दुखत काही नाही. कर्मचारी फार मायेने वागायचे. पण बाहेर आल्यावर भाईंच्या कपाळावर आणि गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असत आणि शर्ट पाठीला चिकटलेला असे.

ह्या माणसाला लग्नात फेटासुद्धा सहन झाला नव्हता. घराच्या खिडक्या ते पावसातही उघड्या ठेवायचे, आई ओरडायची.

आम्ही म्हापशाला आईच्या भावाकडे राहिलो होतो. रोज सकाळी हॉस्पिटलला निघताना भाई पायरीवर बसून राहायचे. "जाळी," एवढंच म्हणायचे. "ती जाळी." गुरुप्रसाद त्यांना बखोटीला धरून उठवायचा, लहान मुलाला शाळेत नेतात तसा, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी असायचं. शेवटच्या दिवशी कर्मचाऱ्यांनी ती जाळी आठवण म्हणून घरी नेणार का असं विचारलं. काही लोक नेतात म्हणे. भाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ चालत गाडीत जाऊन बसले.

मग बरे महिने आले. भाईंचे केस एका बाजूने गेले होते, पण ते बागेत जायचे, वाडीतल्या पोरांना शिव्या घालायचे. जत्रा आली. लवूकाका घरी येऊन म्हणाले, "मान तुजो, तूच उभो ऱ्हव." आम्ही सगळे जीव मुठीत धरून देवळात. भाई उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. एक शब्द चुकला नाही. आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असणार. जत्रेचं कारण दर वर्षी तेच असतं, त्यामुळे मोकळी जागाही पाठच होती.

गाव नाचायचं बाकी होतं. रवळनाथाने राखलं. गुरुप्रसादने कुडाळहून पेढे आणून वाटले. मी पेढा खाल्ला, पण मनात खटकत होतं. त्याच दिवशी दुपारी भाईंनी मला "पूजा" अशी हाक मारली होती. पूजा माझ्या मावशीची मुलगी, ती आमच्याकडे आल्याला दोन वर्षं झाली होती.

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाठ असलेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. आरती, पाढे, शिव्या. सगळं गेलं तरी ते राहतं. त्यावरून माणूस बरा आहे असं धरू नका." हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. माझ्याच अंगाशी येणार हे तेव्हा माहीत नव्हतं.

पावसाळा सरता सरता शब्द एकेक करून गेले. आधी नावं गेली, मग वस्तू, मग "नको". उरलं ते "व्हय". इतकी वर्षं अख्खा गाव त्यांना दर वाक्याला "व्हय" देत होता. आता त्यांच्याजवळ तेवढंच राहिलं. मला हे सहन होत नसे. ओरोसला एसटीने जाताना खिडकीकडे तोंड करून मी रडत असे, आणि शेजारी ओळखीचं कोणी बसलं की सर्दी झालीय म्हणत असे.

नव्या स्कॅनमध्ये गाठ जुन्या जागेच्या कडेलाच उठली होती. डॉक्टर म्हणाल्या, "पहिल्या वेळी सगळ्या पेशी एकसारख्या नव्हत्या. औषधाने मरणाऱ्या मेल्या. न मरणाऱ्या मागे राहिल्या, आणि आताची गाठ त्यांचीच आहे." पुन्हा ऑपरेशन करता येईल. त्यानंतर पुन्हा थोडी किरणं, दुसरं औषध. कदाचित काही महिने मिळतील, पण उरलेलं बोलणं आणि चालणं जाण्याचा धोका मोठा. नाही केलं तर सूज कमी करणाऱ्या गोळ्या, फीटच्या गोळ्या, घर. मग त्यांनी विचारलं, "भाईंना काय हवंय?"

गुरुप्रसाद म्हणाला, "भाई, ऑपरेशन करूक होया ना?"

"व्हय," भाई म्हणाले.

"बघा," गुरुप्रसाद म्हणाला.

मी उलटा प्रश्न विचारला, त्यालाही "व्हय" आलं. डॉक्टर आमच्या दोघांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही घरी बोला. घरी आम्ही बोललो नाही, भांडलो. गाव त्याच्या बाजूने. जत्रेतलं गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलं होतं. एकदा देवाने उभं केलं, पुन्हा करील. आई दोन्हीकडे मान हलवायची. मी एकटी काय आडवी पडणार? "बापाक मारूक बघता," असं कोणी म्हणायच्या आत मीच स्वतःला ते म्हणून घेतलं होतं. तारीख ठरली. मी रजा टाकली आणि भाईंचे कपडे भरले. बॅगेची चेन ओढताना भाई माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येतं, पण हॉस्पिटलात नजर चालत नाही.

निघायच्या सकाळी गाडी अंगणात उभी. गुरुप्रसादने मागे गादी टाकली होती. नारळ ठेवल्याशिवाय निघायचं नाही, म्हणून लवूकाका आणि वाडीतली चार माणसं आली. देवघरासमोर भाईंना खुर्चीत बसवलं. पुरुष पुढे, आई आणि मी मागे दाराशी. गाऱ्हाणं गुरुप्रसादने घालायचं. आता मान त्याच्याकडेच येणार होता.

त्याने हात जोडले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा," असं म्हणाला आणि थांबला.

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

पुढचं त्याला येत होतं. लहानपणापासून ऐकलेलं. पण गळा भरून आला आणि तो नुसता उभा राहिला. कोणाला काय करावं कळेना. लवूकाका त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाले.

तेवढ्यात भाईंनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि उठायला लागले. मी धावले, लवूकाकांनी दुसरीकडून धरलं. भाई उभे राहिले, डावा हात त्यांनी देवाकडे केला आणि सुरू झाले.

"बारा येशीच्या, बारा वाटेच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां पायाकडे नारळ ठेवन उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंचा काय चुकलामाकला असात, तां पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांक चारो दी, बागेक मोहर दी, भायर कामाक गेलेल्यांका सुखरूप घराक आण म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुठे गेलं होतं हे सगळं? एक महिना ज्या तोंडातून एका शब्दापलीकडे काही आलं नव्हतं त्या तोंडातून पाण्यासारखं चाललं होतं. गुरुप्रसादचा चेहरा उजळला. मला मात्र धडकी भरली, कारण मोकळी जागा जवळ येत होती आणि तिथे भाईंजवळ काही नव्हतं. ते तिथे उभेच्या उभे अडकणार, सगळ्यांसमोर.

"आणि आज जां कारण काढून ही मंडळी उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाई थांबले. ओठ हलले, आवाज नाही. मग त्याच चालीवर, त्याच वरच्या सुरात ते म्हणाले, "ती तोंडावयली जाळी माका परत नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले, दसऱ्याला देवळाच्या खुर्चीला म्हणाले होते तसेच. आणि मग सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

भाई थांबले नाहीत. "ह्या पोरांक मोकळी कर, आणि माका हयच माझ्या घरात ऱ्हवांदी म्हाराजा!"

ह्यावेळी कोणी काही म्हणालं नाही. बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. भाई हात पुढे करून उभे. "व्हय म्हाराजा" आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

"भाई, बसा," गुरुप्रसाद म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गाऱ्हाण्यातला बोलणा खरा धरूचा नाय, डॉक्टरणीन सांगलेला. तूच आमका सांगलंस."

"सांगलंय. पाठ आसलेल्याचा सांगलंय."

"मगे?"

"ल्हानपणापासून गाऱ्हाणी आयकतंस तू. खंयच्या गाऱ्हाण्यात जाळी इली रे? सांग माका. एकाच गाऱ्हाण्याचा नाव सांग."

म्हापशाच्या पायरीवरून रोज त्यानेच उठवलं होतं त्यांना. जाळी म्हणजे काय हे त्या खोलीत आमच्या दोघांपेक्षा जास्त कोणाला माहीत नव्हतं.

भाई अजून उभेच होते. सगळा भार माझ्यावर आला होता, पण हात खाली आला नाही. ते देवाकडेही बघत नव्हते. आमच्याकडे बघत होते. मी एक शब्द म्हटला असता तर त्यांची सुटका होणार होती. तो म्हटला की बाप गेला. आज नाही, पण गेला.

आमच्याकडे बायका मागे उभ्या राहतात, हुंकार पुरुष देतात. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आवाज फाटलाच. मागून आई म्हणाली, "व्हय म्हाराजा." लवूकाकांनी टोपी काढून म्हटलं. वाडीतल्या माणसांनी म्हटलं. गुरुप्रसाद देवघराकडे पाठ करून उभा होता. भाई त्याच्याकडे बघत थांबले. बाकी सगळ्यांचं येऊनही ते थांबले. शेवटी त्याने भिंतीकडे तोंड करूनच म्हटलं, हळू, कोणाला ऐकू गेलं असेल नसेल. भाईंना गेलं. त्यांनी पुढचं ठरलेलं शेवटचं वाक्य म्हटलं आणि खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. लवूकाकांनी नारळ फोडला.

गुरुप्रसाद बाहेर गेला. गाडी बंद झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो आलाच नाही, मग गादी खांद्यावर घेऊन आला आणि भाईंच्या खाटेवर नीट पसरायला लागला.

मी डॉक्टरना फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं, कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, होतं असं कधी कधी, पाठ असलेल्या चालीला धरून एखादं नवं वाक्य बाहेर पडतं, पण नेहमी नाही आणि मागितलं म्हणून नाही. घरी द्यायच्या गोळ्या त्यांनी सांगितल्या, आणि दुखायला लागलं तर ताबडतोब फोन करा म्हणाल्या.

दुपारी भाईंना पेज भरवली. खिडकी उघडी होती. त्यांचे शब्द पुन्हा गेले होते. मी तोंड पुसलं आणि विचारलं, "भाई, घराकच ऱ्हवचा आसा ना तुमका?"

"व्हय," भाई म्हणाले.

मी उलटा प्रश्न विचारला नाही.